मार्करची परीक्षा

माझा स्वभाव तापट. सत्तरी उलटली, दात गेले, पण नाकावरचा राग काही हलला नाही. सूनबाई चहा निवला म्हणून दुसरा करून आणते, ती काही प्रेमाने नव्हे, सकाळी सकाळी माझ्या तोंडी लागायला नको म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते या रागापायी झालं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर खापर फोडायचं नाही.

गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत यायच्या आधीची ही दोन-चार वर्षं. आम्ही फणसवाडीत एका चाळीत राहत होतो. आई, मी आणि दोन खोल्या. मी कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका सरकारी कचेरीत कारकून होतो, वय बावीस-तेवीस, अक्षर मोत्यासारखं आणि अक्कल बेताची. कचेरीतले साहेब संध्याकाळी पांढरी विजार चढवून टेनिस खेळायला जायचे आणि आम्ही फाटकाच्या बाहेर उभं राहून बघायचं. आत घेत नसत आपल्याला. तेव्हा गिरगावातले काही वकील, डॉक्टर, मास्तर आणि आमच्यासारखे चार कारकून एकत्र आले नि म्हणाले, मरो तो त्यांचा जिमखाना, आपला आपण काढू. एका शेटजींनी वाडीच्या मागची जागा दिली आणि आमचा टेनिसचा क्लब उभा राहिला.

साहेबाचं कोर्ट हिरवळीचं, आमचं शेणाचं. हसू नका. हिरवळ राखायला माळी हवा, पाणी हवं, पैसा हवा. शेण काय, गिरगावात दाराशी मिळायचं. दर पंधरवड्याला दोन बाया येऊन अंगण सारवावं तसं कोर्ट सारवून जायच्या, आणि वाळलं की त्यावर चुन्याच्या रेघा. चेंडू असा झकास उडायचा म्हणता! धोतराचा काचा मारायचा, डोक्याला रुमाल गुंडाळायचा, अनवाणी पायांनी उतरायचं. घरी गेल्यावर धोतरावर शेणाचे गोल डाग मोजून आई म्हणायची, "आज बराच पराक्रम केलेला दिसतोय."

बॅट मात्र तिने घरात कधी येऊ दिली नाही. बॅटीच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात हे तिला शेजारच्या एका शहाण्याने सांगितलं होतं. तेव्हापासून बॅट गॅलरीतल्या खुंटीला आणि मी आधी मोरीत, मग घरात.

आमच्या क्लबात एक मार्कर होता. साहेबांच्या जिमखान्यातला शब्द हा. जो नोकर जाळी-चेंडू सांभाळतो, मेंबरांशी खेळतो आणि नवशिक्यांना शिकवतो, तो मार्कर. आमचा मार्कर वरळीचा कोळी, पन्नाशीला टेकलेला, काळाभोर, काटक, हसला की डोळे मिटायचे. आम्ही त्याला नाखवा म्हणायचो आणि तो लाजायचा. कारण नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि याला होडी लागायची! दर्यावर पाऊल टाकलं की पोटात ढवळायचं. कोळ्याच्या घरी जन्मून होडीत ओकणारा माणूस. कोळीवाड्याने काय कमी चेष्टा केली असेल त्याची? "मासा मी बाजारातच बगितला भाऊ, तुमच्यासारखा," असं तो स्वतःच म्हणायचा. बायको मासे विकायची. हा लहानपणीच साहेबांच्या जिमखान्यात चेंडू उचलायला लागला, बघून बघून खेळ शिकला, वीस-पंचवीस वर्षं तिथे मार्कर होता. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी तरणा माणूस ठेवला. तेव्हा हा आमच्याकडे आला, रोजंदारीवर.

शिकवायची त्याची रीत मी पुढे कुठेच पाहिली नाही. पहिल्या दिवशी मी नवीकोरी बॅट परजत गेलो, तर म्हणाला, "ही टांगा खुंटीला." पंधरा दिवस बॅट खुंटीला. तो हाताने चेंडू टाकणार, मी हाताने झेलणार. कंटाळून मी म्हटलं, "नाखवा, मी काय बिगरीच्या वर्गात आलोय?" तर म्हणे, "पाय शिकतायत भाऊ. हाताला काय, तो मागून येतोच."

मग बॅट हातात आली. चेंडू असा यायचा की आंधळ्यालाही मारता यावा. कमरेइतका उंच, उजव्या हाताला, ना जोरात ना हळू. मला वाटलं, अरेच्चा, हा खेळ सोपाच आहे की! दोन महिने गेले आणि एकदा सर्व्हिससाठी चेंडू उचलायला वाकलो असताना माझ्या बाजूला जमिनीवर चुन्याचे बारीक बारीक टिपके दिसले. मी विचारलं, "हे काय?"

"तुमचे हायत."

"माझे?"

मग सांगितलं त्याने. पहिल्या आठवड्यात चेंडू या टिपक्यावर. तो जमला की एक वीत पलीकडे दुसरा टिपका. तो जमला की आणखी एक वीत. मला न सांगता त्याने दोन महिन्यांत मला अर्धं कोर्ट पळायला शिकवलं होतं. प्रत्येक मेंबराचे टिपके निराळे. कुणाचा कुठला, हे फक्त त्याच्या डोक्यात.

चुकलं तर तो ओरडायचा नाही. तोच चेंडू पुन्हा पाठवायचा. पुन्हा चुकलं, पुन्हा पाठवायचा. एकदा सात वेळा एकच चेंडू चुकला आणि मी रागाने बॅट आपटली, तर दोन तारा तुटल्या. त्याने बॅट उचलली, तारा नीट केल्या, मला परत दिली आणि म्हणाला, "रागात माणूस चेंडूकडं बगत नाय, मारणाऱ्याकडं बगतो. म्हणून चुकतो." असलं शहाणपण मला एरवी कुणी सांगितलं असतं तर मी त्याची वाचा बसवली असती. त्याचं ऐकलं.

आमचे अध्यक्ष म्हणजे हायकोर्टातले एक वजनदार वकील. वजनदार दोन्ही अर्थांनी. ते खेळायला यायचे ते पगडी घालून. "चारचौघांत बोडकं कसं व्हायचं?" असा त्यांचा सवाल. आता पगडी घालून वर बघितलं की पगडी मागे पडणार. आमच्या मार्करने तीन वर्षांत त्यांना एकही उंच चेंडू दिला नाही. एकही नाही! पगडी कधी हलली नाही, आणि वकीलसाहेब मात्र खुशीत म्हणायचे, "या वयातही आमचा खेळ कसा नेटका आहे बघा."

मी हे सगळं बघत होतो, हसत होतो. मार्कर मेंबरांना जिंकू देतो हे मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ज्याचं त्याला नव्हतं. माझी गोष्ट वेगळी होती ना! दीड वर्षाने आम्ही गुण मोजून खेळू लागलो आणि मी मार्करला हरवायला लागलो. पहिल्यांदा हरवलं त्या संध्याकाळी फणसवाडीभर सांगत सुटलो. कचेरीत हेडक्लार्कलाही सांगितलं. वकीलसाहेबांना तो सोडत असेल, डॉक्टरांना सोडत असेल. माझ्याशी मात्र जीव तोडून खेळतो आणि तरी हरतो, असा माझा पक्का समज. गाढव होतो, दुसरं काय.

तिसऱ्या वर्षी क्लबाला बरे दिवस आले. मेंबर वाढले. कमिटीने ठरवलं की आता कायमचा मार्कर ठेवायचा, आणि कोर्टामागची खोली त्याला राहायला द्यायची. नाखव्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रोज वरळीहून गिरगावात चालत यायचा तो, आणि काळोखात चालत परत. पावसाचे चार महिने कोर्ट बंद, म्हणजे हात रिकामे आणि घरात बायकोच्या टोपलीवर जगायचं. "खोली मिळाली तर ती पण हितंच बाजार करील," एवढंच म्हणाला. त्याने खोलीचं दार उघडून आत नुसतं बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं.

पण डॉक्टरांच्या मनात दुसरंच होतं. डॉक्टर म्हणजे आमचे एक मेंबर, विलायतेचं वारं लागलेले, चिरूट ओढणारे. त्यांनी कोटातल्या कुठल्याशा जिमखान्यातून एक तरणा मार्कर हेरून ठेवला होता. कमिटीच्या बैठकीत म्हणाले, "म्हाताऱ्याला काय येतं? त्याला मी स्वतः हरवतो. जो माझ्याकडून हरतो तो मला काय शिकवणार?"

मी चिटणीस होतो. अक्षर चांगलं म्हणून केलेलं, बोलण्यासाठी नव्हे. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, "डॉक्टर, तो तुम्हाला जिंकू देतो. नाचता येत नाही त्याने निदान अंगण वाकडं म्हणू नये."

झालं! डॉक्टर लाल. वकीलसाहेब पगडी सावरत म्हणाले, "शांत व्हा, शांत व्हा." आणि मी, शांत व्हायचं सोडून, उभा राहून म्हणालो, "हातच्या काकणाला आरसा कशाला? लावा दोघांची मॅच. जो जिंकेल तो आपला मार्कर. लिहून देतो!"

आणि दिलं की लिहून. त्याच मोत्यासारख्या अक्षरात. वकीलसाहेबांना लेखी गोष्टी फार आवडायच्या. त्यांनी खाली सही ठोकली.

मी धावत कोर्टावर गेलो. नाखवा जाळी गुंडाळत होता. म्हटलं, "नाखवा, शनिवारी मॅच! तुमची नि त्या पोराची. जिंकलात की नोकरी तुमची, खोली तुमची. लोळवा त्याला!"

तो जाळी गुंडाळायचा थांबला. "ठरलं का भाऊ?"

"ठरलं! मीच ठरवलं. लिहून दिलंय."

त्याने उरलेली जाळी गुंडाळून टाकली. मग म्हणाला, "बरं."

ते 'बरं' मी आत्मविश्वासाचं समजलो. घरी जाऊन आईला म्हटलं, आमच्या मार्करची नोकरी पक्की.

शनिवारी कोर्टाभोवती ही गर्दी! चाळीतली पोरंटोरं गच्चीवर चढून बसलेली. तरणा मार्कर आला. पंचविशीचा, उंच, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. आमचा नाखवा नेहमीसारखा अनवाणी, डोक्याला लाल रुमाल. मी जाळीशेजारी बसलो होतो, गुण लिहायला.

पहिल्या पाच मिनिटांत मला दिसलं की त्या पोराची डावी बाजू कच्ची आहे. डावीकडे आलेला चेंडू तो मारायचा नाही, पळत जाऊन उजवीकडे घ्यायचा. मला हे ओळखायला शिकवलं कुणी? नाखव्यानेच. "आधी समोरच्याचा डावा हात बगायचा," हा त्याचा धडा. मी मनात म्हटलं, संपला पोरगा.

पण चेंडू डावीकडे जाईच ना! नाखवा काय सुंदर खेळत होता! पाय जागच्या जागी, हात सैल, चेंडू जाळीवरून बोटभर अंतराने. आणि प्रत्येक चेंडू थेट त्या पोराच्या उजव्या हातात. कमरेइतका उंच. ना जोरात ना हळू. पोरगा दणादण मारत होता, लोक टाळ्या पिटत होते, डॉक्टर चिरूट हलवून "वाहवा" करत होते. मी ओरडलो, "डावीकडे! नाखवा, डावीकडे!" त्याने ऐकलं. एक चेंडू मारला डावीकडे. पोरगा धडपडला, चेंडू कसाबसा परतवून कोर्टाच्या कोपऱ्यात फेकला गेला, आख्खं कोर्ट मोकळं पडलं. आता नुसता चेंडू पलीकडे ढकलायचा होता. आणि नाखव्याने तो हळूच, अगदी मायेने, त्या कोपऱ्यात धडपडणाऱ्या पोराच्या हातात नेऊन दिला.

लोक हसले. दोन सेट सरळ हरला आमचा मार्कर.

पोरगा जाळीपाशी आला, वाकला आणि म्हणाला, "काका, असा खेळ मी जन्मात खेळलो नव्हतो." सगळ्यांना ती बढाई वाटली. मलाही वाटली. माझ्या डोक्यात नुसती आग पेटली होती. तीन वर्षं ज्याचा डांगोरा पिटला त्याने चारचौघांत माझं नाक कापलं, एवढंच मला कळत होतं. मी उठलो आणि सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालो, "माती खाल्लीत नाखवा! लाज कशी वाटली नाही? मोकळं कोर्ट पडलं होतं समोर! माझ्या तोंडाला काळं फासलंत!"

रोजच्यासारखी त्याने जाळी सोडली, गुंडाळली, चेंडू मोजून टोपलीत ठेवले आणि वरळीच्या वाटेला लागला.

घरी येऊन मी जेवलो नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. तिला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण म्हणाली, "अरे, नोकरी कुणाची गेली? तुझी की त्याची?"

"त्याची."

"मग तू कसला रुसून बसलायस? उद्या जाऊन ये त्याच्याकडे. आणि हे घेऊन जा." तिने चार लाडू फडक्यात बांधून दिले. ज्याच्या बॅटीची तिला शिवाशिव, त्याच्या घरी तिचे लाडू.

रविवारी महालक्ष्मीच्या बांधावरून चालत वरळीला गेलो. पहिल्यांदाच. हे अंतर तो माणूस तीन वर्षं रोज दोनदा चालत होता, आणि मी त्याला एकदा पाच मिनिटं उशीर झाला म्हणून बोललो होतो, ते आठवलं. कोळीवाड्यात विचारत विचारत घर सापडलं. दारात त्याची बायको बोंबील वाळत घालत होती. मला बघितल्याबरोबर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ये भाऊ, ये. तूच ना तो लिवणारा? माझ्या घोवाला शर्यतीला लावलास तो?"

मी म्हटलं, "हो, मीच."

"लावायच्या आधी त्याला इचारलास?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाचा पट्टा बंद पडला. आतून नाखवा आला, बायकोला "गप ग" म्हणाला आणि मला बसायला खोका दिला. लाडू बघून त्याचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, "नाखवा, चुकलो. काल बोललो ते चुकलो. पण एवढं सांगा, मोकळं कोर्ट दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं की."

"मग मारलं का नाही?"

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, जणू हात दुसऱ्या कुणाचा होता. म्हणाला, "तरणा होतो तवा एका साहेबाला हरवला होता. एकच गेम. मड्डम बगत होती. दुसऱ्या दिवशी मना काढून टाकला. मग पाय धरले, परत घेतला. तवापासून चेंडू समोरच्याच्या हातात द्यायचा. पंचवीस वरसं भाऊ. आता डोळा म्हनतो तिकडं मार, आन् हात इकडंच देतो. मी काल लई सांगितलं त्याला. ऐकतच नाय."

"पण मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी लिवून आला होता." मग अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने म्हणाला, "भाऊ, तीन वरसं तुमी रोज खेळला माझ्याशी. मना कदी जिंकताना बगितला होता?"

मी आठवू लागलो. सुरुवातीच्या दिवसांत मीच चुकत होतो, गुण कुणी मोजत नव्हतं. गुण मोजायला लागल्यापासून... नाही. एकदाही नाही. म्हणजे मीही त्यातलाच. वकीलसाहेबांना पगडी, मला माझी घमेंड. तीही त्याने तीन वर्षं पडू दिली नव्हती.

माझा चेहरा पडलेला त्याने बघितला असावा. घाईघाईने म्हणाला, "तुमचा खेळ खोटा नाय हां! तो तुमचा हाय, घाम गाळून कमावलेला. जिंकणं तेवढं माझं होतं."

त्या पोराचं बोलणं मला तेव्हा कुठे कळलं. तो बढाई मारत नव्हता. तो आभार मानत होता. मार्करने करायचं ते काम आमच्या मार्करने सगळ्या गर्दीसमोर करून दाखवलं होतं. शिकवणाऱ्याची परीक्षा मी कुस्तीच्या फडासारखी घेतली होती.

सोमवारी कमिटीपुढे उभा राहिलो. राग गिळला, हात जोडले. सगळं सांगितलं. म्हटलं, "परीक्षाच चुकीची होती आणि ती मी ठरवली. आपल्याला हरवणारा माणूस हवाय की खेळवणारा? मी स्वतः त्याला कधी हरवलेलं नाही, त्याने मला जिंकवलं. आपणा सगळ्यांनाच."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. वकीलसाहेबांची मुद्रा बदलली. "सगळ्यांनाच म्हणजे?" त्यांनी विचारलं. "आम्हालाही?"

खरं बोलावं तर काम बिघडतं, खोटं बोलायला जीभ वळेना. त्यांनी कपाटातून माझा कागद काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "अक्षर तुमचंच ना? लेखी म्हणजे लेखी." डॉक्टरांना बोलावंही लागलं नाही.

पुढे दोनेक महिन्यांनी परळला एका बंगल्यात दोन मुलींना शिकवायचं काम नाखव्याला मिळालं. मुली मोठ्या गुणी होत्या म्हणे, आणि घरचे लोक भले होते. त्यात माझा काही हात नव्हता. तो तरणा मार्करच तिथे शब्द टाकून आला होता. पण त्या सोमवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी कमिटीतून बाहेर आलो तेव्हा नाखवा कोर्टावर रेघांना चुना लावत होता. दुसऱ्या दिवसापासून ज्यावर दुसरा उभा राहणार त्या रेघा. माझं तोंड बघूनच त्याला कळलं. म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. तुमी बोललात, लई झालं."

मी म्हटलं, "नाखवा, बॅट घ्या. अजून उजेड आहे. एकदा माझ्याशी खरं खेळा. मला हरवा. माझी शपथ आहे तुम्हाला."

तो हसला, डोळे मिटले. मग बॅट घेतली.

पहिला चेंडू त्याने खरोखर डावीकडे मारला. मी पोचलो नाही. तो जागच्या जागी कळवळला आणि ओरडला, "लागलं नाय ना?" मी म्हटलं, "लागलं नाही हो! मारा!" त्याने ओठ घट्ट मिटले, दुसरा चेंडू मारला, आणि तो आला माझ्या उजव्या हाताला, कमरेइतका उंच. मी मुद्दाम कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. आख्खं कोर्ट त्याला मोकळं सोडलं. चेंडू कोपऱ्यात आला. दुसऱ्या कोपऱ्यात गेलो, चेंडू माझ्यामागे दुसऱ्या कोपऱ्यात आला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो स्वतःच्या मनगटाकडे बघत पुटपुटत होता, आणि चेंडू न चुकता माझ्या हातात येत होते.

मी मुद्दाम चुकवू शकलो असतो. मनात आलंही. पण त्याने वीत-वीत करून ज्या पायांना पळायला शिकवलं होतं ते पाय आपोआप जागेवर जात होते, हात आपोआप उठत होता. त्याच्यासमोर वाकडा फटका मारायची मला लाज वाटली. मी रडत होतो आणि नीट मारत होतो.

काळोख पडला, चेंडू दिसेनासा झाला, तेव्हा थांबलो. सहा गेम झाले होते. सहाच्या सहा मी जिंकलो.